सात नंबरच्या छतातलं तीर्थ

पहिला थेंब पडला तो मंगळवारी, आठ मे १९७३ रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आणि पडला तो थेट देवराव शंभरकरांच्या वरणात.

देवराव ऑफिसला निघण्याआधी जेवत होते. घास हातात तसाच ठेवून त्यांनी वर पाहिलं. छताला रुपयाएवढा ओला डाग होता. बाहेर ऊन असं होतं की डांबरी रस्त्यात चपला रुतत होत्या. आभाळात ढगाचं नाव नव्हतं आणि नळ आठ वाजताच गेला होता. अशा दिवशी छत गळावं, हे देवरावांना पटेना. त्यांनी ताट वीतभर सरकवलं, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि दुसऱ्या थेंबाची वाट पाहिली. अकरा सेकंद. तिसऱ्यालाही अकरा.

"जेवा ना आता," कौसल्या म्हणाली. "थेंब काय मोजून राहिले?"

"नळाचं पानी नाही हे. नळ गेल्यावर थांबलं असतं."

"मग कायचं हाये?"

"तेच पाहून राहिलो."

देवराव सरकारी इमारत खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर रेघ न् रेघ उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. अठरा वर्षांत त्यांनी मूळ नकाशात नसलेली एकही रेघ मारली नव्हती आणि असलेली एकही सोडली नव्हती. ही कॉलनी बांधली तेव्हा तिचा नकाशाही त्यांनीच उतरवला होता. त्यामुळे सात आणि आठ नंबरच्या मधला स्लॅब साडेचार इंचांचा आहे, हे त्यांना पाठ होतं. स्वयंपाकघराच्या या कोपऱ्यावर एकही पाइप नाही, वरच्या आठ नंबरमध्ये तिथे धान्याचं कोठार आहे, हेही.

सात नंबरच्या या क्वार्टरसाठी त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती. त्या नऊ वर्षांत क्वार्टरच्या यादीतलं त्यांचं नाव तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढून एकदा सतराव्यावर घसरलं होतं. का, ते कोणी सांगितलं नाही. तेवढा काळ ते इंदोऱ्यात भावाच्या दोन टिनाच्या खोल्यांत, नऊ माणसांत राहिले. म्हणून सात नंबरचं सिमेंटचं छत त्यांना नुसतं छत वाटत नसे. आयुष्यात त्यांना एकाच गोष्टीची भीती होती: पुन्हा त्या यादीत जाण्याची.

वर आठ नंबरमध्ये उपअभियंता पांढरीपांडे राहत. ते देवरावांचे साहेब होते आणि कॉलनीची देखभालही त्यांच्याकडेच होती. म्हणजे छत गळल्याची तक्रार ज्याच्याकडे करायची तोच छताच्या वर राहत होता. चार वर्षांत दोन्ही घरांत सामाईक असं एकच होतं, ते म्हणजे जिना. पांढरीपांडे त्यावरून उतरत आणि देवराव त्याच्या बाजूला उभे राहून नमस्कार करत.

नऊ तारखेला देवरावांनी तक्रारवहीत नोंद केली. अकराला मिस्त्री रुपराव आला. त्याने काठीनं छत ठोकून पाहिलं, वर गेला आणि दहा मिनिटांनी खाली आला. त्याच्या कपाळाला गंध होतं आणि तो खडीसाखर चघळत होता.

"वर सब ठीक हाये," तो म्हणाला.

"कोठारात गेले होते का?"

"कोठार कुठलं जी आता? देवघर हाये तिथं. मी आंघोळ करून नव्हतो आलो, म्हणून उंबरठ्याबाहेरूनच इन्स्पेक्शन केलं."

"काय दिसलं?"

रुपरावनं जिन्याकडे एकदा पाहून घेतलं. "महादेव हाये. वर तांब्याचं भांडं टांगलं, त्याच्या बुडाले भोक. वैशाखभर धार चालू राह्यते. देवाले ऊन लागू नये म्हणून. अक्षय तृतीयेले बसवलं म्हणे."

"आणि खाली पडलेलं पानी कुठं जाते?"

"अभिषेकाचं पानी मोरीत जाऊ देत नाही ना. म्हणून साहेबांनी दोन फरश्या काढल्या अन् खाली वाळू भरली. वाळू पिते म्हणे."

"अन् वाळू कोनाले पाजते?" कौसल्यानं आतून विचारलं.

रुपराव हसला. ज्या माणसानं जिल्ह्यातल्या तीन पुलांवर सही केली होती, त्याचा असा समज होता की दोन टोपल्या वाळू महिनाभर पाणी पिते आणि ढेकरही देत नाही. मग रुपरावनं खिशातून पेन काढून वहीत लिहिलं, 'वरील मजल्याची पाहणी केली. गळतीस कारण आढळले नाही.'

"रुपराव, आत्ताच तर सांगितलं तुम्ही."

"सांगितलं ना. लिहू कसं? खाली सही साहेबांचीच व्हायची हाये."

देवरावांना राग आला नाही. तोंडी गोष्टीला किंमत नसते, हे त्यांचंही मत होतं. चूक आपली आहे, आपण नकाशा जोडला नाही, असं त्यांनी ठरवलं. शनिवार-रविवार बसून त्यांनी स्लॅबचा उभा छेद काढला, एकास दहा प्रमाणात, तीन प्रतींत. 'अ' म्हणजे पाण्याचं भांडं, 'ब' म्हणजे वाळू, 'क' म्हणजे स्लॅब, 'ड' म्हणजे अर्जदाराचं ताट. देवाचं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. थेंबाची वेळ मात्र कोपऱ्यात लिहिली.

नियमाप्रमाणे अर्ज वरिष्ठांमार्फत जायला हवा होता. पांढरीपांड्यांविरुद्धचा अर्ज देवरावांनी पांढरीपांड्यांच्याच टेबलावर ठेवला. सोळा तारखेला तो परत आला. शेरा होता: 'नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाही. पूर्तता करून सादर करावे.'

उभ्या छेदाला उत्तर दिशा लागत नाही. भिंतीला कान लागत नाहीत तशी. देवरावांना हे माहीत होतं आणि पांढरीपांड्यांनाही. तरी देवराव त्या रात्री नीट झोपले नाहीत. अठरा वर्षांत त्यांचा कागद पहिल्यांदा परत आला होता. अठरा तारखेला त्यांनी उत्तरेचा बाण काढून, त्याला पीस वगैरे लावून, अर्ज पुन्हा दिला.

एकवीसला उत्तर आलं. क्वार्टर क्रमांक सातचं छत वास्तव्यास धोकादायक असल्याचं निदर्शनास आलं असून संबंधितांनी पंधरा दिवसांत क्वार्टर रिकामा करावा. खाली दुसरा परिच्छेद होता: क्वार्टर क्रमांक आठची फरशी तपासली, ती सुस्थितीत आहे.

साडेचार इंचांचा एकच स्लॅब. खालून पाहिला तर जिवाला धोका, वरून पाहिला तर सुस्थितीत. खात्यात छतांचं रजिस्टर वेगळं होतं आणि फरश्यांचं वेगळं, आणि दोन्ही रजिस्टरं एकाच वेळी उघडण्याचं काम आजवर कोणावर सोपवलेलं नव्हतं.

देवराव आदेश घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. खिडकीला वाळ्याचे पडदे होते आणि चपराशी त्यांवर पाणी मारत होता.

"शंभरकर, तुमच्याच काळजीपोटी केलं आहे," पांढरीपांडे म्हणाले. "उद्या तुकडा डोक्यात पडला म्हणजे?"

"दुरुस्ती झाल्यावर क्वार्टर परत मिळेल ना साहेब?"

"यादीत नाव टाका. नियमाप्रमाणे मिळेल."

"यादीत एकशे चाळीस नावं आहेत."

"मग तुमचं एकशे एक्केचाळिसावं."

देवरावांनी आदेशाची घडी घातली. "साहेब, पाणी वरून येतं."

"पाणी वरूनच येतं, शंभरकर. खालून वर गेलेलं कधी पाहिलं आहे का?"

चपराशी हसला. देवराव घरी आले आणि त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली.

कौसल्यानं आदेश दोनदा वाचून घेतला. मग छताखाली ठेवलेल्या पातेल्याकडे पाहिलं. थेंबांची आता धार झाली होती आणि ते काठोकाठ भरलं होतं. तिने त्यात बोट बुडवून नाकाला लावलं. चंदनाचा वास येत होता.

तिचं माहेर मौद्याचं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेआधी, ती लहान असताना, तिची आई गावातल्या महादेवाच्या देवळाबाहेरची जागा झाडायची. आत काय असतं ते मायलेकींनी कधी पाहिलं नव्हतं. पण देवाच्या अंगावरचं पाणी भिंतीतून बाहेर कुठे पडतं, ते दोघींना पक्कं माहीत होतं, कारण देवळाचा तेवढाच भाग त्यांच्या वाट्याला आला होता. त्या पन्हाळीजवळ येणारी-जाणारी माणसं कशी एकदम थबकतात आणि मागे फिरतात, हेही कौसल्यानं रोज पाहिलं होतं. महादेवाच्या अभिषेकाचं पाणी ओलांडायचं नसतं. म्हणून तर त्याला अर्धीच प्रदक्षिणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पातेलं पदरानं धरलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा जिना चढली. दार साहेबांच्या पत्नी शोभाताईंनी उघडलं.

"ताई, हे तुमचं पानी."

"कसलं पाणी?"

"महादेवाचं. आमच्या घरात पडून राहिलं ना जी. मोरीत फेकाव तर पाप. झाडाले टाकाव तर कोनाच्या पायी लागते. ज्याची वस्तू त्याच्या घरी बरी."

शोभाताईंचा हात सवयीनं पुढे आला आणि तसाच मागे गेला. पाणी देवाचं होतं, पण पातेलं सात नंबरचं होतं. देवाचं म्हणून टाकता येईना, सात नंबरचं म्हणून घेता येईना. शोभाताई आयुष्यभर जे सांगत आल्या होत्या तेच त्यांनी सांगितलं.

"ठेव तिथंच."

"कुठं?"

"तिथंच. पायरीवर."

"तुम्ही म्हन्ता तसं," कौसल्या म्हणाली आणि तिने पातेलं वरच्या पायरीवर ठेवलं.

संध्याकाळी तिने भरलेला गंज आणून पातेल्याशेजारी ठेवला. आता विचारायचं कारण नव्हतं. जागा सांगितलेली होती. बुधवारी दोन तांबे आणि परात. नकाशाप्रमाणे जिना तीन फुटांचा होता. पहिल्या दिवशी पांढरीपांडे कठड्याला पोट घासत बाजूनं उतरले. बाजूनं गेलं तर ते ओलांडणं होत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. कामवाली तुळसाबाई बुधवारी सकाळी खालून चार पायऱ्या चढली, भांडी पाहून तिने हात जोडले आणि, "महादेवाच्या पान्याले मी पाय नाही लावत बाई," असं म्हणून घरी निघून गेली. आठ नंबरमध्ये त्या दिवशी शोभाताईंनी भांडी घासली.

"हे बरं नाही," देवराव बायकोला म्हणाले. "आपला अर्ज चालू आहे."

"अर्ज चालू द्या ना. मी कुठं थांबवून राहिली? तुमचा अर्ज वर जाते, माहं पानी वर जाते."

गुरुवारी, चोवीस तारखेला, सकाळी दहाला पाच कमी असताना पांढरीपांडे बॅग घेऊन दाराबाहेर आले आणि थांबले. वरच्या पाच पायऱ्यांवर नऊ भांडी होती. कठड्याशीही जागा उरली नव्हती. त्यांनी एक पाय उचलला, हवेत धरला आणि पुन्हा जागेवर ठेवला. समोरच्या अकरा नंबरमधले कारकून बाबाराव ठाकरे दाढी करत होते. ते साबण लावलेल्या तोंडानं व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

"शंभरकर," साहेबांनी हाक मारली.

देवराव जेवणाचा डबा घेऊन बाहेर आले.

"हे काय आहे?"

"पाणी आहे साहेब."

"उचला हे सगळं."

देवराव खरंच वाकले. अठरा वर्षांची सवय होती. तेवढ्यात कौसल्या दारात आली.

"थांबा जी. आधी साहेबांले इचारा, कोनतं पानी हाये. साधं असन तर मी आत्ता मोरीत ओततो अन् भांडे घासतो. साधं पानी ओलांडाले तर साहेबांलेही काही हरकत नसन."

साधं पाणी म्हणावं तर समोर नऊ भांडी होती आणि मागे दारात शोभाताई. अभिषेकाचं म्हणावं तर ते खाली सात नंबरमध्ये कसं आलं, हा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तराला उत्तरेचा बाणसुद्धा लावलेला होता. देवरावांनी नकळत घड्याळ पाहिलं. साहेब सहा मिनिटं उभे होते.

"साहेब, मस्टर बंद होईल," बाबाराव ठाकरे साबणातून म्हणाले.

"अभिषेकाचं आहे," पांढरीपांडे म्हणाले.

"जरा मोठ्यानं सांगा ना जी," कौसल्या म्हणाली. "ह्यांले नकाशात लिहाचं हाये."

साहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ते आत गेले आणि त्यांनी किरकोळ रजा टाकली. दुपारी तांब्याचं भांडं उतरलं. महादेव कापडात गुंडाळून शोभाताईंच्या भावाच्या घरी गेला. त्याचं घर तळमजल्यावर होतं. कौसल्यानं नऊही भांडी खाली आणून पाणी आळं करून कडुनिंबाला घातलं. शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचा थेंब पडला. देवरावांनी अर्धा तास वाट पाहिली आणि मगच वेळ लिहून घेतली.

पण आदेश उभाच होता. पाच जूनला क्वार्टर रिकामा करायचा होता.

शनिवारी रुपराव छापील कागद घेऊन आला. आदेश रद्द व्हायचा तर गळती कशामुळे झाली आणि ती बंद झाली, असं रहिवाशानं लिहून द्यायचं होतं. कारणं छापलेली होती: पाऊस, नळ, संडास, इतर. पावसापुढे आधीच पेन्सिलीनं खूण केलेली होती.

"सही करा जी. सोमवारी आदेश रद्द."

देवरावांनी दारातून बाहेर पाहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. "रुपराव, काल सेहेचाळीस होतं."

"कागदाले ऊन नाही लागत."

"मे महिन्यात पाऊस?"

"कोन पाहून राहिलं? साहेब लिहितीन, बाबू फाईल लावन, झालं. घर वाचते तुमचं."

"करा ना सही," कौसल्याही म्हणाली. "पाऊस म्हना, पूर म्हना. आपल्याले घराशी मतलब."

देवरावांनी पेन घेतलं. ट्रंक भिंतीशी भरलेली होती. इंदोऱ्याची टिनाची खोली त्यांना डोळ्यांपुढे दिसत होती, भावाच्या चेहऱ्यासकट. सही करायला ते खरोखर तयार होते. पण समोर मूळ एक आणि उतरवायचं दुसरंच, हे त्यांच्या हाताला जमेना. पेनाचं टोक पावसावर टेकलं आणि खाली सरकलं. 'इतर'च्या पुढे त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: 'वरील मजल्यावरील देवघरातील अभिषेकाचे पाणी वाळूतून झिरपल्यामुळे. सदर पाणी दि. २५ रोजी दुपारी ३.४० वाजता बंद झाले.' आणि सही केली.

कौसल्यानं कपाळाला हात लावला. रुपराव कागदाकडे पाहत राहिला. "आता ह्याच्यावर साहेब सही करतीन का?"

"खरं आहे ते लिहिलं."

"म्हणूनच तर इचारून राहिलो."

साहेबांनी सही केली नाही. त्यांच्या देवानं सरकारी स्लॅब भिजवला, असं त्यांच्याच सहीनं वर जाणार होतं. कारणाशिवाय आदेश रद्द होईना. आणि आदेश अमलात आणायचा तर पंचनाम्याला मोठे साहेब येणार, त्यांना एकच स्लॅब दोन्ही बाजूंनी दाखवावा लागणार, आणि वरच्या दोन फरश्या तर अजून जागेवर बसायच्या होत्या. दहा दिवस पांढरीपांडे जिन्यावर देवरावांची नजर चुकवत राहिले. देवराव रोज सकाळी ट्रंक उघडून सदरा काढत आणि ट्रंक पुन्हा लावून ठेवत.

पाच जूनला संध्याकाळी रुपराव आला आणि न बोलावता खुर्चीवर बसला.

"झालं तुमचं काम," तो म्हणाला. "साहेबांनी फाईलीवर लिहिलं. 'आदेशाची पूर्तता झाली. क्वार्टर रिकामा.' फाईल बंद."

"पण आम्ही तर इथंच आहोत."

"हाये ना. कोन नाही म्हणते? कागदावर नाही तुम्ही."

देवरावांना ही गोष्ट रात्रभर लागून राहिली. कौसल्यानं मात्र त्याच संध्याकाळी ट्रंक रिकामी केली आणि पलंगाखाली ढकलली.

पुढे काय झालं ते खात्याच्या कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही. क्वार्टरचं भाडं देवरावांच्या पगारातून कापलं जात राहिलं. ते दुसऱ्या ऑफिसचं काम होतं. रिकाम्या घराला चुना लागत नाही, म्हणून दिवाळीला देवराव स्वतः शिडीवर चढत. कॉलनीत मात्र दर नव्या साहेबाबरोबर उलथापालथ होई. कोणाचा भाचा येई, कोणाचा जावई, आणि ज्यांची छतं धडधाकट होती त्यांना बोरिया-बिस्तर बांधावा लागे. बाबाराव ठाकऱ्यांचा अकरा नंबर पंच्याहत्तर साली गेला. शहात्तरमध्ये पांढरीपांड्यांचीही बदली झाली. सात नंबर कोणी मागितला नाही. यादीत त्याच्यापुढे लाल शाईनं 'धोकादायक' लिहिलेलं होतं.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत नवे उपअभियंता कॉलनीच्या पाहणीला आले. तरुण होते, थंडीनं गारठले होते आणि सकाळपासून सोळा घरं पाहून त्यांचे पाय दुखत होते. सात नंबरचं दार उघडं दिसलं म्हणून ते आत येऊन खुर्चीवर बसले. कौसल्यानं चहा टाकला. रुपराव रजिस्टर उघडून उभा राहिला.

"सात नंबर," साहेबांनी वाचलं. "धोकादायक. त्र्याहत्तरपासून रिकामा."

त्यांनी वर पाहिलं. छतावर चुन्याखालून एक जुना पिवळा डाग दिसत होता. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, दोरीवर वाळत घातलेला सदरा पाहिला, शेवटी देवरावांकडे पाहिलं. देवराव हात बांधून उभे होते. कागदावरचं आणि समोरचं असं एकदम पुढे आल्यावर हा माणूस कोणतं उतरवून घेतो, हे ते पाहत होते.

"कोणी राहत नाही ना इथे?" साहेबांनी रुपरावला विचारलं.

"नाही साहेब," रुपराव म्हणाला.

साहेबांनी बशीत चहा ओतून घेतला, प्यायला, आणि रजिस्टर मांडीवर घेऊन लिहिलं, 'समक्ष पाहणी केली. रिकामा.' खाली सही केली, तारीख टाकली.

"आणखी देऊ का जी?" कौसल्यानं विचारलं.

"अर्धा कप," साहेब म्हणाले.